दाब घसरतो, गंज चढतो

डिसेंबरातली सकाळ. लंडनजवळच्या उपनगरातले एक दुमजली घर. बाहेर गवतावरचे दव गोठून पांढरे झाले आहे. महिनाभरासाठी पुण्याहून मुलाकडे आलेले आईवडील शाली गुंडाळून स्वयंपाकघरात बसले आहेत, कारण घर गार पडले आहे. भिंतीवरचा बॉयलर बंद आहे आणि त्याच्या दाबमापकाचा काटा शून्याला टेकला आहे. मुलगा सवयीने खाली वाकतो, बॉयलरखालच्या नळीवरचा छोटा व्हॉल्व्ह फिरवतो. पाणी आत शिरल्याचा आवाज होतो, काटा दीडवर चढतो, व्हॉल्व्ह बंद. बॉयलर पुन्हा सुरू होतो. ‘‘आठवड्यातून दोनदा करावं लागतं, एवढंच,’’ मुलगा म्हणतो. वडील विचारतात, ‘‘पण हे पाणी जातं कुठं?’’

ब्रिटनमधल्या कितीतरी घरांत हिवाळ्यात हे दृश्य दिसते. वडिलांचा प्रश्न मात्र फारसे कोणी विचारत नाही. दोन मिनिटांत पाणी भरता येते, पैसे लागत नाहीत आणि घर लगेच गरम होते. पण घर गरम ठेवणाऱ्या या यंत्रणेत दाब कमी होणे आणि आतून गंज चढणे ही दोन वेगळी दुखणी नसतात. बहुतेकदा ती एकाच आजाराची दोन लक्षणे असतात, आणि वारंवार भरलेले पाणी हाच त्या आजाराचा खुराक असतो.

बंद वर्तुळातले पाणी

२०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समधली सुमारे ७४ टक्के कुटुंबे केवळ पाइपने येणाऱ्या गॅसवरच्या सेंट्रल हीटिंगने घर गरम ठेवतात. कल्पना साधी आहे. बॉयलर पाणी तापवतो, पंप ते पाइपमधून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरवतो, रेडिएटर खोलीला उष्णता देतो आणि कोमट झालेले पाणी पुन्हा बॉयलरकडे येते. मध्यम आकाराच्या घरात दहाएक रेडिएटर असतात आणि साऱ्या यंत्रणेत मिळून साधारण १०० लिटर पाणी असते.

आपल्याकडच्या गिझरशी याची तुलना केली की मोठा फरक लक्षात येतो. गिझरमधले पाणी आपण वापरतो, त्यामुळे तिथे रोज ताजे पाणी येते. म्हणूनच त्याच्या लोखंडी टाकीला आतून काचेसारखा लेप दिलेला असतो आणि टाकीऐवजी स्वतः झिजणारी मॅग्नेशियमची कांडी बसवलेली असते. रेडिएटरच्या पोलादाला आतून असे कोणतेच चिलखत नसते. त्याची गरजही नसते, कारण इथले पाणी वापरायचे नसते. आंघोळीचे, भांडी घासण्याचे पाणी वेगळ्या वाटेने येते. रेडिएटरमधले तेच ते पाणी वर्षानुवर्षे फिरत राहावे, अशी या यंत्रणेची रचना आहे.

पूर्वी माळ्यावर एक छोटी उघडी टाकी असे. पाणी फुगले की तिच्यात चढे, कमी पडले की तिच्यातून उतरे. जुन्या घरांत ती अजूनही सापडते. आता बहुतेक घरांत पूर्ण बंद यंत्रणा असते, आणि म्हणूनच तिला दाबमापक असतो. यंत्रणा थंड असताना काटा १ ते १.५ बारच्या दरम्यान असावा. १ बार म्हणजे सुमारे १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. गरम झाल्यावर काटा २ च्या आसपास जातो आणि थंड झाला की परत मूळ जागी येतो. निरोगी यंत्रणेत हा काटा महिनोन्महिने जवळजवळ तिथेच राहतो.

रबरी पडद्यामागची हवा

पाणी तापले की फुगते. १० अंश सेल्सिअसचे पाणी ८० अंशांपर्यंत तापवले की त्याचे आकारमान जवळजवळ ३ टक्क्यांनी वाढते. म्हणजे १०० लिटरचे १०३ लिटर होते. पाणी दाबून लहान करता येत नाही आणि तांब्याचे पाइप फारसे ताणत नाहीत. मग हे जास्तीचे ३ लिटर जाणार कुठे?

त्यासाठी बॉयलरच्या आत किंवा शेजारी एक छोटी टाकी असते. तिला एक्स्पान्शन व्हेसल म्हणतात. घरगुती बॉयलरमध्ये ती साधारण ८ ते १० लिटरची असते. मध्ये रबराचा पडदा, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला दाबून भरलेली हवा. पाणी फुगले की ते पडदा ढकलते, हवा आकसते. पाणी थंड झाले की हवा पडद्याला परत रेटते. ही हवा म्हणजे साऱ्या यंत्रणेची उशी.

त्यापलीकडे शेवटची संरक्षक सोय म्हणजे सुरक्षा व्हॉल्व्ह. प्रेशर कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह करतो तेच काम तो करतो. दाब ३ बारवर गेला की तो उघडतो आणि पाणी घराबाहेर भिंतीतून डोकावणाऱ्या एका आखूड पाइपमधून सोडून देतो. काम नेकीचे, पण या व्हॉल्व्हची एक खोड आहे. एकदा उघडला की त्याच्या बैठकीवर गंजाचा एखादा कण अडकतो, तो नीट बसत नाही आणि पुढे थेंब थेंब गळत राहतो.

काटा काय सांगतो

डॉक्टर तापाचा तक्ता बघतात तसा या काट्याचा तक्ता ठेवला तर निम्मे निदान घरच्या घरी होते. चार-पाच दिवस सकाळी यंत्रणा थंड असताना आणि रात्री पूर्ण गरम असताना काटा कुठे आहे, एवढेच टिपून ठेवायचे. त्यातून सहसा तीनपैकी एक चित्र दिसते.

पहिले चित्र : थंड असताना १ बार, गरम झाल्यावर काटा झपाट्याने ३ कडे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शून्याजवळ. हा हवेची उशी गेल्याचा पुरावा. एक्स्पान्शन व्हेसलमधली हवा वर्षानुवर्षे हळूहळू निघून गेली आहे किंवा पडदा फाटला आहे. फुगलेल्या पाण्याला जागा नाही, म्हणून सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो, लिटर-दोन लिटर पाणी बाहेर जाते आणि थंड झाल्यावर तेवढीच तूट पडते. घरमालक सकाळी पाणी भरतो, संध्याकाळी यंत्रणा ते बाहेर टाकते. बाहेरच्या आखूड पाइपच्या तोंडाला रात्री प्लास्टिकची पिशवी सैलसर बांधून ठेवावी. सकाळी त्यात पाणी साचलेले असले तर शंका फिटते. व्हेसलला मोटारीच्या टायरला असतो तसाच हवेचा व्हॉल्व्ह असतो. तिथून हवेऐवजी पाणी आले, तर पडदा फाटला असे समजायचे. नुसती हवा कमी झाली असेल तर ती पुन्हा भरता येते. मात्र त्यासाठी आधी पाण्याच्या बाजूचा दाब शून्यावर आणावा लागतो, नाहीतर हवेचे माप खोटे येते.

दुसरे चित्र : गरम असो वा थंड, काटा दिवसागणिक थोडा थोडा खाली येतो, फार वर मात्र कधीच जात नाही. ही गळती. ती कुठे आहे हे शोधणे हेच खरे काम.

तिसरे चित्र : कोणी हात न लावता काटा आपोआप वर चढतो. नळाच्या पाण्याचा दाब सहसा यंत्रणेतल्या दाबापेक्षा जास्त असतो, तेव्हा कुठून तरी नळाचे पाणी आत शिरते आहे. बहुतेकदा पाणी भरायच्या नळीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसतो. ही नळी काढून ठेवली आणि काटा चढायचा थांबला, तर दोष तिथेच. तरीही चढत राहिला, तर आंघोळीचे पाणी तापवणाऱ्या बॉयलरच्या आतल्या पातळ पत्र्यांच्या उष्णता-विनिमयकाला भोक पडलेले असण्याची शक्यता मोठी. हे चित्र फसवे असते. घरमालक एकदाही पाणी भरत नाही आणि तरी यंत्रणेत रोज ताजे पाणी येते, सुरक्षा व्हॉल्व्हमधून बाहेर जाते.

यात एक अपवाद. नवी यंत्रणा बसवल्यावर किंवा रेडिएटरमधली हवा काढल्यावर दाब एक-दोनदा कमी होणे साहजिक आहे. तेवढ्याने घाबरायचे कारण नाही. पुन्हा पुन्हा होते तेव्हाच तो आजार.

न दिसणारे पाणी

‘‘घरात कुठेच ओल नाही, मग गळती कशी?’’ हा नेहमीचा प्रश्न. पाइप ६०-७० अंशांपर्यंत तापलेला असतो. त्याच्या जोडातून पाझरलेला थेंब खाली पडण्याआधीच वाळतो. मागे राहतो तो फक्त डाग. तांब्याच्या जोडावर हिरवट पापुद्रा, रेडिएटरच्या व्हॉल्व्हवर पांढरा किंवा तपकिरी थर. रात्री यंत्रणा थंड झाल्यावर प्रत्येक व्हॉल्व्हभोवती टिश्यू पेपर गुंडाळून ठेवावा. सकाळी ज्या कागदावर ओलसर डाग, तिथे पाझर.

तिथे काही सापडले नाही तर दोन जागा उरतात. एक म्हणजे जमिनीखालचे पाइप. अनेक घरांत ते लाकडी तक्तपोशीखाली किंवा थेट काँक्रीटमध्ये पुरलेले असतात. दुसरी जागा म्हणजे खुद्द बॉयलर. आजचे बॉयलर धुरातली वाफही थंड करून तिची उष्णता वापरतात आणि त्या वाफेचे पाणी एका पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपने गटारात सोडतात. बॉयलरच्या मुख्य उष्णता-विनिमयकाला चीर पडली तर यंत्रणेतले पाणी त्याच पाइपने निमूट निघून जाते आणि घरात एक थेंबही दिसत नाही. हे ओळखण्यासाठी तंत्रज्ञ रात्रभर बॉयलर आणि रेडिएटर यांच्यामधले व्हॉल्व्ह बंद ठेवतात. बॉयलरच्या बाजूचा दाब पडला तर दोष बॉयलरमध्ये. तो टिकला आणि सकाळी व्हॉल्व्ह उघडताच काटा खाली आला तर दोष पाइपमध्ये. खर्चाचे काम कोणत्या बाजूला करायचे हे या एका रात्रीत ठरते. नाहीतर तक्तपोशी उखडायची आणि दुखणे बॉयलरमध्ये निघायचे, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पोलाद पाण्याला घाबरत नाही

आता मूळ मुद्दा. पोलादाचा रेडिएटर आणि आत कायम पाणी, तरी तो वीस-तीस वर्षे टिकू शकतो. कारण लोखंडाला नुसते पाणी फारसे खात नाही. त्याला खातो तो पाण्यात विरघळलेला प्राणवायू.

१० अंशांच्या ताज्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. यंत्रणा पहिल्यांदा भरली की १०० लिटर पाण्याबरोबर जेमतेम १ ग्रॅम प्राणवायू आत येतो. तो जास्तीत जास्त ३ ग्रॅम लोखंडाला गंजवतो आणि संपतो. एकेक रेडिएटर कित्येक किलोंचा असतो, त्यामुळे ही झीज नगण्य. त्यानंतरचे पाणी जणू मेलेले असते. वासाला कुबट आणि रंगाला करडे, पण लोखंडाला फारसे न दुखावणारे. या यंत्रणेत जुने पाणी चांगले आणि ताजे पाणी वाईट, हे ऐकायला उलटे वाटते. पण मोटारीच्या रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी सतत नळाचे पाणी घालू नये असे मेकॅनिक सांगतो, त्यामागेही हेच आहे.

रोज १ लिटर पाणी गळते आणि तेवढेच भरले जाते असे धरू. वर्षाला ३६५ लिटर ताजे पाणी, त्यातून सुमारे ४ ग्रॅम प्राणवायू आणि त्यापायी दहाएक ग्रॅम लोखंड. आकडा अजूनही लहान वाटतो. पण रेडिएटरचा पत्रा सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड असतो, आणि गंज सगळीकडे सारखा पसरत नाही. तो गाळाखाली, वेल्डिंगच्या रेषेवर, एखाद्या कोपऱ्यात ठाण मांडतो. सुईच्या टोकाएवढे भोक पाडायला ग्रॅमचा छोटासा अंशही पुरतो.

त्याहून मोठा धोका कमी दाबातच दडलेला आहे. बॉयलर तळमजल्यावर आणि काट्यावर ०.३ बार आहे असे समजा. वरच्या मजल्यावरचा रेडिएटर ५ मीटर उंच असेल तर तिथला दाब अर्ध्या बारने कमी, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. मग जिथून पाणी बाहेर पडायचे त्या बारीक फटीतून आणि स्वयंचलित हवा-व्हॉल्व्हमधून बाहेरची हवा आत ओढली जाते. १ लिटर हवेत १ लिटर ताज्या पाण्याच्या सुमारे पंचवीसपट प्राणवायू असतो. दाब पडू देणे म्हणजे यंत्रणेला श्वास घेऊ देणे, आणि हा प्रत्येक श्वास लोखंडाला महागात पडतो.

गंजाचा रंगही बोलतो. रेडिएटरमधले थोडे पाणी पांढऱ्या कपात घेतले आणि ते तांबूस निघाले, तर प्राणवायू सतत आत येतो आहे. काळे निघाले, तर प्राणवायू तोकडा पडला आहे आणि मॅग्नेटाइट तयार झाले आहे. हे लोखंडाचे काळे ऑक्साइड आणि चुंबकाला चिकटते. पाण्याच्या पाचपट जड असल्याने ते रेडिएटरच्या तळाशी बसते. ते तयार होताना हायड्रोजन वायूही सुटतो आणि रेडिएटरच्या वरच्या भागात जमतो.

इथे एक दुष्टचक्र सुरू होते. वायू जमल्याने रेडिएटर वरून थंड पडतो. घरमालक चौकोनी किल्लीने तो वायू सोडतो, त्यामुळे दाब कमी होतो, म्हणून तो पाणी भरतो, त्यातून प्राणवायू येतो, त्यातून गंज आणि पुन्हा वायू. गंजाचे कण सुरक्षा व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकतात आणि तोही गळू लागतो. एकाच रेडिएटरमधली हवा दर आठवड्याला काढावी लागत असेल, तर ती हवा नसून आतल्या गंजाचा निरोप असू शकतो. हा वायू पेट घेऊ शकतो, म्हणून त्या व्हॉल्व्हजवळ काडी किंवा लायटर धरण्याचा प्रयोग कधीही करू नये.

औषध वाहून जाते

बंद यंत्रणेत गंजरोधक रसायन घालतात. प्रमाण साधारण १०० लिटरला १ लिटर असते. ते धातूवर पातळ संरक्षक थर धरते. पण गळतीतून पाण्याबरोबर तेही जाते आणि त्या जागी येते ते निव्वळ नळाचे पाणी. हिशेब केला तर ७० लिटर पाणी असे बदलले की औषध निम्मे उरते. रोज १ लिटरच्या गळतीला त्यासाठी अडीच महिनेही लागत नाहीत.

पाण्याबरोबर क्षारही येतात. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचे पाणी चांगलेच जड, लिटरमागे ३०० मिलिग्रॅमच्या आसपास चुनखडी असलेले. एकदा भरलेल्या १०० लिटरमधून फार तर ३० ग्रॅम चुना येईल. वर्षभर रोज लिटर भरत राहिले तर हा आकडा १०० ग्रॅमवर जातो आणि तो नेमका सर्वांत तापलेल्या जागी, बॉयलरच्या उष्णता-विनिमयकात बसतो. मग बॉयलर केटलीसारखा खदखदू लागतो, गॅस जास्त जळतो आणि बॉयलरचा सर्वांत महाग भाग आधी निकामी होतो.

औषध शिल्लक आहे का, हे बघण्याची एक सोपी घरगुती चाचणी आहे. काचेच्या दोन बरण्या घ्याव्यात. एकीत रेडिएटरमधले पाणी, दुसरीत नळाचे. दोन्हींत जस्ताचा मुलामा नसलेला एकेक चकचकीत लोखंडी खिळा टाकून काही दिवस ठेवावा. नळाच्या पाण्यातला खिळा गंजेलच. रेडिएटरच्या पाण्यातलाही तसाच गंजला, तर औषध संपले आहे.

उपचाराचा क्रम

रेडिएटरला हात लावूनही बरेच कळते. वरून थंड आणि खालून गरम, तर आत वायू आहे. खालचा मधला भाग थंड आणि कडा गरम, तर तळाशी काळा गाळ साचला आहे. एकच रेडिएटर पूर्ण थंड असेल तर त्याचा व्हॉल्व्ह अडकला असण्याची शक्यता जास्त. बॉयलर बदलून हे काहीच सुधारत नाही. नवा बॉयलर जुन्याच घाणीला जोडला की तीच घाण त्याच्या अरुंद वाटांमध्ये जाऊन बसते.

उपचाराचा क्रम इथे उपचाराइतकाच महत्त्वाचा आहे. आधी पाणी जाण्याची वाट बंद करायची, म्हणजे व्हेसल, व्हॉल्व्ह किंवा जोड दुरुस्त करायचा. मग यंत्रणा धुऊन गाळ काढायचा. त्यानंतर गंजरोधक घालायचे आणि परतीच्या पाइपवर चुंबकाचा फिल्टर बसवायचा, म्हणजे उरलासुरला मॅग्नेटाइट त्याला चिकटतो. क्रम उलटा केला तर औषधाचे पैसे गळतीतून वाहून जातात. रक्तस्राव चालू ठेवून रुग्णाला रक्त चढवत राहण्यातलाच हा प्रकार. बाजारात गळती बुजवणारे द्रवही मिळतात. बारीक पाझराला ते तात्पुरते चालतात, पण ती मलमपट्टीच.

ब्रिटनचे बीएस ७५९३ हे मानक याच विषयाचे आहे. २०१९ च्या सुधारित आवृत्तीत फिल्टर, गंजरोधकाची दरवर्षी तपासणी आणि ठराविक मुदतीने ते पुन्हा भरणे, या गोष्टींवर भर आहे.

हात कुठे लावायचा, कुठे नाही

काटा बघणे, नोंद ठेवणे, रेडिएटरमधला वायू सोडणे, पाझर शोधणे, अगदी गरज पडली तर पाणी भरणे ही कामे घरातल्या कोणालाही करता येतात. पाणी भरून झाले की व्हॉल्व्ह घट्ट बंद करून भरायची नळी सोडवून ठेवावी, असा तिथला नियम आहे. त्यामागे आरोग्याचे कारण आहे. नळाचा दाब अचानक पडला तर रसायन मिसळलेले हे काळे पाणी उलटे पिण्याच्या पाण्यात शिरू शकते.

बॉयलरचे आवरण उघडण्याचे काम मात्र घरच्यांचे नाही. ब्रिटनमध्ये गॅसच्या उपकरणावर काम करायला ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नाव असलेलाच तंत्रज्ञ लागतो. पाण्याचा दाब पडला म्हणजे विषारी वायू पसरतो असे नाही. अशा वेळी बॉयलर स्वतःच बंद होतो. पण आवरणाशी केलेल्या खेळामुळे ज्वलन बिघडले तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, गरगरते, मळमळते आणि घराबाहेर पडल्यावर बरे वाटते, अशी लक्षणे घरातल्या अनेकांना एकदम जाणवली तर खिडक्या उघडून सर्वांनी आधी बाहेर पडायला हवे. या वायूची सूचना देणारा अलार्म प्रत्येक बॉयलरजवळ असावा. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात बॉयलर असलेल्या खोलीत असा अलार्म बसवणे १ ऑक्टोबर २०२२ पासून घरमालकावर बंधनकारक आहे.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे गेलेली आपली मुले बहुतेक भाड्याच्या घरातच राहतात. ‘‘कशाला घरमालकाशी वाद घालायचा’’ म्हणून रोज पाणी भरत राहतात किंवा जाकीट घालून झोपतात. घर गरम ठेवणारी यंत्रणा आणि गरम पाण्याची सोय दुरुस्त ठेवणे ही तिथल्या कायद्याने सहसा घरमालकाचीच जबाबदारी असते, आणि गॅसच्या उपकरणांची दरवर्षी तपासणीही त्यानेच करून घ्यायची असते. तक्रार करताना आठवडाभराच्या काट्याच्या नोंदी आणि छायाचित्रे जोडली, तर ‘‘पाणी भरा, होईल ठीक’’ या उत्तरावर बोळवण करणे सोपे जात नाही.

थंड घर ही नुसती गैरसोय नसते. थंड वा समशीतोष्ण प्रदेशांत थंडीच्या दिवसांत घरातले तापमान किमान १८ अंश असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, दम्याचा त्रास बळावतो. वयस्क आणि लहान मुलांना त्याचा धोका अधिक. महिनाभरासाठी आलेल्या, साठी-सत्तरीतल्या आईवडिलांच्या दृष्टीने सकाळी बंद पडलेला बॉयलर ही गंमत नव्हे.

म्हणूनच वडिलांनी विचारलेला प्रश्न टाळण्यासारखा नाही. पाणी घातल्याने काटा वर येतो, पण ते पाणी कुठे गेले याचे उत्तर मिळत नाही. वर्षातून एखाद्या वेळी भरावे लागले तर हरकत नाही. महिन्यातून दोनदा भरावे लागत असेल, तर पुन्हा व्हॉल्व्ह फिरवण्याआधी हातात वही घ्यावी आणि काट्याचा आकडा, तारीख आणि वेळ लिहायला सुरुवात करावी.